गुणवंतीचं कुंपण

पोळ्याच्या सकाळी चांद्या बैल गोठ्याच्या दारापर्यंत आला आणि परत फिरला.

देवाजीनं कासरा ओढला. चांद्या पुन्हा दोन पावलं पुढं आला, पण उन्हाची तिरीप नाकाडावर पडताच मान झटकून अंधारात वळला. त्याच्या पांढऱ्या नाकाडाची कातडी सालपटासारखी सुटली होती आणि डोळ्यांत हळद उतरली होती. काल खांदशेकणीला देवाजीच्या बायकोनं, कमळानं, त्याच्या खांद्याला लोणी-हळद लावून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हटलं, तेव्हाही त्यानं सगळं अंग चोरलं होतं. आता शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांचा पट्टा, पाठीवर नवी झूल, आणि तोंड भिंतीकडे.

"सोड त्याले," रुखमाबाई म्हणाली.

"माय, मालगुजाराची जोडी तोरनाखालून पयली जाते. आजवर चुकली नाई."

"मालगुजारी जाऊन चार साल झाले. जोडी नाई गेली तं आभाळ कोसळनार नाई."

हे बोलणं देवाजीला झोंबलं. चाळिशीला टेकलेला माणूस. सरकारनं गावं काढून घेतली, रान काढून घेतलं, तेव्हा त्याच्या हाती बापाचा फेटा, तोरणाखालचा पहिला मान आणि वाडीभोवतीचं कुंपण एवढंच उरलं होतं. त्यातलं एकेक तो असं सांभाळी, जणू उद्या पंचमजार्ज परत येऊन विचारणारच आहे.

"नजर लागली त्याले," तो म्हणाला.

"नजर नाई लागली. जेठात रानात गवताची काडी नोती तवा त्यानं काय खाल्लं, तुले मालूम हाये. मलेबी मालूम हाये. त्या झुडपाचा पाला खाल्ला त्यानं. तो पाला खाल्ला का जनावराले ऊन सोसत नाई."

"झुडूप" हा शब्द ती नेहमीच असा वापरायची. बाकी गाव त्याला नावानं ओळखत होतं आणि नाव होतं 'गुणवंती'. रुखमाबाईच्या नवऱ्याचं नाव गुणवंतराव. नवऱ्याचं नाव बायको जिभेवर आणत नाही, आणि तो जाऊन सात वर्षं झाली तरी आणत नाही. सासऱ्याचं म्हणून सुनाही घेत नाहीत. त्यामुळं त्या घरातल्या बायकांच्या तोंडी ते झुडूप बिननावाचंच राहिलं होतं.

गुणवंतरावांनी ते कुठं पाहिलं, तर चांदा शहरात एका साहेबाच्या बंगल्याभोवती. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुलं. वर शेळी तोंड लावत नाही, गाय सहसा लावत नाही, आणि पाणी घालायला नको. मालकांनी ओल्या पोत्यात फांद्या गुंडाळून बैलगाडीतून आणल्या आणि वाडीला कुंपण केलं. मग मागेल त्याला फांदी दिली, आणि न मागेल त्याच्या घरी पोचवली. दिलदार माणूस होता. गावानं कौतुकानं झुडपाला त्याचंच नाव ठेवलं, लग्नात नवरीच्या अंबाड्यात गुणवंतीचा गुच्छ यायला लागला. पुढं बुलबुलांनी त्याची काळी फळं खाल्ली आणि बिया रानात नेऊन टाकल्या. रानानं काही कुंपण मागितलं नव्हतं.

आता बोडीच्या तळ्यापासून डोंगरीच्या पायथ्यापर्यंत, मोहाच्या राईत, माणसाच्या डोक्याइतकी उंच, दाट काटेरी गुणवंती उभी होती. खाली गवत नाही, तेंदूचं रोप नाही, मोहाची टोळंबी, म्हणजे बी, पडली तर रुजायला जागा नाही. चैतात मोहफूल झडायचं ते थेट काट्यांत. यंदा रानाकाठच्या टोल्यावर, छोट्या वस्तीवर, राहणारी सोमारी आणि तिच्या टोल्यातल्या बाया फुलं वेचून आल्या तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत रक्त होतं आणि टोपलीच्या तळाला ओंजळभर फुलं होती. वैशाखात वणवा आला. एरवी वणवा जमिनीवरून सरपटत जातो, पाचोळा जाळतो आणि मोहाला नुसती धग लागते. यंदा तो गुणवंतीवर चढला आणि तिच्यावरून मोहाच्या शेंड्यात गेला. ओळीनं उभी असलेली मोठमोठी झाडं काळी पडली. रुखमाबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हा सोमारीच्या सासूनं तिला त्याच झाडांखाली फुलं वेचायला शिकवलं होतं. त्या राईवाचून तिला हे गाव गाव वाटलं नसतं. जळक्या खोडांना हात लावून ती ढसाढसा रडली होती, आणि घरी आली तेव्हा तिचं मन ठरलेलं होतं.

पोळ्याच्या त्या दिवशी तोरण इसरूच्या बैलांनी तोडलं. इसरू गावचा कोतवाल. वाजंत्री त्याच्या जोडीला मानाची म्हणून जोरात वाजायला हवी होती, पण वाजवणारेसुद्धा मालकाच्या घराकडे बघत हळूच वाजवत होते. देवाजी दारातच उभा राहिला आणि पोळ्याची गाणी, झडत्या, संपेपर्यंत तिथून हलला नाही.

दुपारी पंगत बसली. पुरणपोळी, वडे, कढी. रुखमाबाईनं एक गोष्ट पाहिली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. देवाजी आणि मुखरू शेजारी शेजारी जेवत होते. धाकटा मुखरू चांदा शहरात कचेरीत कारकून. वर्षामागं वाटणीवरून दोघांत वाजलं, तेव्हापासून दोघं एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. आणि आज मुखरू भावाच्या पानात तूप वाढत होता.

"दिवाळीनंतर मोजनी हाये, माय," मुखरू म्हणाला. "जंगल खात्याची हद्द ठरून राह्यली. अमीन येईन, साखळी टाकीन. त्याले काय दिसते? कुंपन दिसते. जिथवर कुंपन, तिथवर आपला ताबा."

"आपलं कुंपन चिचेच्या झाडापाशी होतं," रुखमाबाई म्हणाली.

"आता बोडीच्या पलीकडं गेलं."

"ते आपल्या पायानं गेलं. आपन नाई नेलं."

"कोनाच्याबी पायानं जावो, गेलं तं आपलंच," देवाजी म्हणाला, आणि पहाटेपासून पहिल्यांदा हसला. "सरकारनं आपलं रान घेतलं. बापाच्या झुडपानं थोडं परत आनून देल्लं. काय वाईट झालं?"

दोघा भावांचं गूळपीठ कशावर जमलं होतं ते आता तिला कळलं. रान मरत होतं आणि तिचे लेक त्या मढ्यावर हद्द आखायला बसले होते. तिला संताप आला, आणि तिनं तो गिळला नाही.

"जमीन पाहिजे का काटे पाहिजे तुमाले? त्या काट्यात धान पिकवसान?"

"रान तं सरकारचं हाये, माय," मुखरू म्हणाला. "तू कायले जीव जाळतं?"

"कागदावर सरकारचं. मोहफूल झडते ते सरकारच्या डोक्यावर नाई झडत. उद्या मारबतीसंग ते झुडूप जाईन. वाडीचं जाईन, मंग बोडीचं, मंग राईतलं. सोमारीचा सारा टोला येनार हाये. मी सांगून आलो."

मुखरूचा घास हातातच राहिला. "राईतलं? माय, सरकारी रानात विनापरवाना कुदळ मारली तं नाकेदार केस करन. माही नोकरी हाये."

"लावताना कोनाले पुसलं होतं?"

मुखरू पानातली कढी कालवायला लागला. देवाजीकडे मात्र याचं उत्तर होतं, आणि ते तो जपून ठेवून बसला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवस उगवायच्या आत, गाव मारबत काढतं. दारांशी उभे केलेले मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, उपटायचे, खांद्यावर घ्यायचे आणि बोंब ठोकत शिवेवर नेऊन टाकायचे. ढेकूण, डास-चिलटांसारखे मोंगसे, खरूज, खोकला, जी जी म्हणून पीडा असेल तिचं नाव घ्यायचं आणि ओरडायचं, 'घेऊन जा गे मारबत!' नाव घेतलं ते जातं. ज्याचं नाव घेतलं नाही ते गावात राहतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"ने ना मारबतीसंग," देवाजी म्हणाला. "पन नाव कोन घेईन?"

ओट्यावर इसरू जेवत होता. पोळ्याचं जेवण त्याला याच घरी असे आणि मारबतीची पहिली हाळी तोच देई.

"इसरूभाऊ," रुखमाबाईनं हाक मारली, "तू घेशीन ना?"

इसरूनं पोळीचा तुकडा पानात ठेवला. "बाई, ढेकनाचं नाव घेतो, मोंगशाचं घेतो. त्याइच्या पंगतीत मालकाचं नाव कसं बसवू? त्याइचं मीठ खाल्लं हाये. माही जीभ झडन."

"पाह्यलं?" देवाजी म्हणाला. "या गावात असा मानूस नाई. आन असन तं माह्यं आयकून ठेवा. माह्या बापाचं नाव जो कोनी ढेकना-मोंगशासंग शिवेवर नेईन, त्याच्या हातचं पानी मी पिनार नाई. मंग तो कोनीबी असो."

'कोनीबी' म्हणताना त्यानं आईकडे पाहिलं. तिनंही नजर काढली नाही.

स्वयंपाकघरात कमळा भांडी आवरत होती. देवाजीची ही बायको लग्नापासून सासूसमोर पदर सरळ करून 'हो' आणि 'नाई' एवढंच बोलत आलेली. चांद्या तिनं माहेराहून आणला होता, वासरू असताना.

"आत्याबाई, एक बोलू? दुसरं नाव ठेवू ना त्याले. नागपूरकडं त्याले रायमुनिया म्हनते. 'रायमुनिया घेऊन जा' म्हनलं का झालं. सापबी मरन, काठीबी तुटनार नाई."

रुखमाबाईला क्षणभर ते पटलं. मग तिला हसू आलं.

"वं पोरी, मारबत का येडी हाये? तीस साल ज्या नावानं बोलावलं, त्याच नावानं हाकलावं लागन. रायमुनिया म्हनशीन तं ती नागपुरात जाऊन पाहीन, आन हे इथीच राहीन."

कमळाही हसली. दोघी एकत्र हसल्या असं त्या घरात बरेच दिवसांत झालं नव्हतं. मग कमळानं हळूच विचारलं, "मंग कोन घेईन, आत्याबाई?"

रुखमाबाई उठून गोठ्यात गेली आणि चांद्याच्या नाकाडाला करंजीचं तेल लावत बसली. मालक असते तर त्यांनी स्वतः कुदळ घेतली असती, असं तिला मानायचं होतं. पण खोटं कशाला? तेही देवाजीसारखेच अडून बसले असते. फेटा सारखा करून म्हणाले असते, लोक प्रेमानं नाव ठेवतात, तू त्याला पीडा म्हणतेस? आणि त्यांच्यापुढं ती गप्प बसली असती. तिनं आयुष्यभर ते केलं होतं. आता मालक नव्हते. तिचा जीव त्यांच्यासाठी तुटला, आणि तिला मोकळंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं म्हणून तिला लाज मात्र वाटली नाही.

पहाटे डफ वाजला. पोट्टे मेढे उपटत गल्लीगल्लीतून निघाले. 'ढेकूण मोंगसे घेऊन जा गे मारबत! खरूज खोकला घेऊन जा गे मारबत!' मिरवणूक मालकाच्या वाडीपाशी आली आणि थांबली. कुंपणाला पाठ लावून देवाजी उभा होता, डोक्याला बापाचा फेटा, हातात काठी. मुखरू ओट्यावर पिशवी घेऊन बसला होता. त्याला मोटार पकडायची होती असं तो म्हणत होता, पण मोटार दुपारची होती.

एका बाजूला सोमारी आणि टोल्यातली माणसं खणत्या-कुदळी घेऊन उभी. कोणी पुढं होईना. इसरूनं डफ थांबवला.

रुखमाबाई दारातून बाहेर आली. मारबतीला मालगुजाराच्या घरातली बाई कधी निघाली नव्हती. तिच्या डोक्यावर पदर होता आणि हातात सब्बल, लोखंडी पहार, होती. ती कुंपणासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. लग्नात उखाण्यातसुद्धा तिनं ते नाव इतकं पुटपुटत घेतलं होतं की नणंदांनी तिला तीनदा म्हणायला लावलं होतं.

"गुनवंती," ती म्हणाली.

"माय वं!" बायकांतून कोणीतरी तोंडावर हात मारला.

"माय, चूप!" देवाजी ओरडला.

त्या 'चूप'नं काम केलं. रुखमाबाईनं पदर कमरेला खोचला.

"गुनवंती घेऊन जा गे मारबत!"

गावातली कुत्री भुंकायला लागली. तिनं पुन्हा ओरडून म्हटलं. तिसऱ्यांदा सोमारी तिच्यासंगं ओरडली, चौथ्यांदा सगळा टोला. आणि मग इसरूनं, ज्याची जीभ झडणार होती त्यानं, डफावर अशी थाप मारली की पोट्टे नाचायलाच लागले. 'गुनवंती घेऊन जा गे मारबत!' मालकिणीनंच नाव घेतल्यावर बाकीच्यांना कसली भीती? वर्षानुवर्षं हातापायांत काटे मोडलेले लोक होते ते. बोंब अशी उठली की शेजारच्या गावाला वाटलं असेल, वाघ शिरला.

कुदळी पडायला लागल्या. नुसतं खोड तोडलं की गुणवंती दुप्पट फुटते, म्हणून मुळाशी खणायचं होतं. उपटलेली झुडपं पोट्ट्यांनी मेढ्यांबरोबर खांद्यावर टाकली आणि शिवेकडे धूम ठोकली.

"थांबा!" रुखमाबाई ओरडली. "शिवेपार नाई टाकाचं. मागच्या साली छाटन नाल्यात टाकली होती, पाह्यलं ना काय झालं? दोनी काठाले रुजली. आपली पीडा दुसऱ्या गावच्या पदरात कायले?"

"पन बाई, मारबत शिवेपारच जाते," इसरू म्हणाला. "रीत हाये."

"नाव जाऊ दे शिवेपार. मूळ इथीच वाळन आन इथीच जळन."

इसरूनं मान खाजवली. आजवरच्या मारबतीत असं कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं पोट्ट्यांना हाक मारली आणि झुडपं खळ्यात, उघड्या खडकावर, मुळं आभाळाकडे करून रचायला सांगितली. पळसाचे मेढे तेवढे शिवेवर गेले.

ऊन वर आलं तोवर वाडीच्या तीन बाजू मोकळ्या झाल्या होत्या. आत कमळाची मिरचीची रोपं दिसायला लागली, बाहेर बोडीचं पाणी. उरलं होतं ते देवाजीच्या पाठीमागचं. तो तसाच उभा होता. लोक त्याला वळसा घालून खणत होते. मालकाच्या लेकाला कोण सरक म्हणणार?

"भाऊ," ओट्यावरून मुखरू हळूच म्हणाला, "आता काय अर्थ हाये?" आणि वडील भाऊ बघतोय असं पाहून पुन्हा पिशवी चाचपायला लागला.

कमळा टोपली घेऊन आली. नवऱ्यासमोर थांबली. "चांद्या मरन तं मी तुमाले कधीच माफ करनार नाई," ती म्हणाली. एवढं लांब वाक्य ती चारचौघांत त्याच्याशी प्रथमच बोलत होती. मग ती खाली बसली आणि तुटलेली मुळं टोपलीत भरायला लागली.

देवाजीचा आवाज फाटला. "माय, तू बापाचं नाव मातीत घातलं."

रुखमाबाईचे हात सोलवटले होते. श्वास लागला होता. ती त्याच्यासमोर आली.

"मातीत होतं ते मी वर काढून राह्यलो. तीस साल झाले, काटा मोडला का लोक तुह्या बापाचं नाव घेते. वासरू मेलं का त्याइचं नाव घेते. फुलं नाई भेटली का त्याइचं. मी आयकत होतो, अन् चूप राहत होतो, काऊन का मले ते नाव घ्याचं नोतं. आता घेतो. गुनवंतराव! माह्या मालकाचं नाव हाये, झुडपाचं नाई. आजपासून हे नाव मानसाचं. आन तुले माह्या हातचं पानी नको असन तं नको पिऊ, बाप्पा. विहीर मोठी हाये, आपलं आपन काढून पी."

देवाजीच्या काठीचा हात वर झाला नाही आणि खालीही आला नाही. फेटा घामानं कपाळाला चिकटला होता. गाव श्वास रोखून बघत होतं, आई सरकते की लेक.

रुखमाबाईनं त्याला सरक म्हटलं नाही. ती त्याच्या पायाशी उकिडवी बसली आणि सब्बलीनं माती उकरायला लागली. एक हात खोल गेल्यावर मूळ दिसलं, मनगटाएवढं जाड, आणि ते थेट देवाजीच्या उजव्या पावलाखालून गेलं होतं. तिनं माती हातानं बाजूला सारली आणि त्याच्या घोट्यावर टिचकी मारली, लहानपणी त्याच्या पायातला काटा काढताना मारायची तशी.

"पाय उचल," ती म्हणाली.

देवाजीनं पाय उचलला.